अर्धी बाही

कुराहाशीबाई म्हणाल्या, ड्रॅगन मिळणार नाही.
अर्ध्या बाहीत त्याची मान कापावी लागते
आणि मी मानेवर करवत चालवत नाही.
मग त्यांनी माझा दंड हातात घेतला,
बाजारात भोपळा फिरवून बघावा तसा बघितला,
म्हणाल्या, इथे मिशांचा मासा बसेल.
शेपूट खांद्यावर, तोंड कोपराशी.
पिऊन यायचं नाही. पैसे दर खेपेला रोख.

मोजी बंदर, केळ्यांच्या जुन्या गोदामामागचा जिना,
दुसरा मजला. पहिल्या खेपेला नुसत्या रेघा.
तीन तास मशीन गुणगुणलं, आणि उठलो तेव्हा
दंडावर कुणीतरी नकाशा काढून
गावांची नावं लिहायची विसरलं होतं.

दुसऱ्या खेपेपासून मशीन कपाटात.
आता बांबूच्या काडीला बांधलेल्या सुया,
डाव्या अंगठ्याने ताणून धरलेली कातडी,
आणि खर्र, खर्र,
ओल्या तांदळातून बोटं फिरवावीत तसा आवाज.
दुखतं का, असं बाईंनी एकदाही विचारलं नाही.
मी खिडकीतून सामुद्रधुनीतली जहाजं मोजायचो.
सुई काखेपाशी आली तेव्हा
अकराव्या जहाजानंतर पुन्हा एक आलं.

थोरली बहीण सावे फोनवर विचारते, का?
एकावन्नाव्या वर्षी, का?
मी क्रेन चालवतो. तीस मीटर वर, काचेच्या पेटीत.
धरणी हलली की खालच्यांआधी मला कळतं,
कंटेनर रिकामा पाळणा हलावा तसा हलतो.
आजोबा म्हणायचे, जमिनीखाली मिशांचा मासा आहे,
तो कूस बदलतो.
हे कारण सावेला पटलं असतं.
पण मला ते सुचलं तिने फोन ठेवल्यावर,
आणि तोवर मासा झालाही होता.

मासा एका दुपारी झाला.
उरलेल्या चार खेपा पाण्यात गेल्या.
हिशेबाने म्हणाल तर खरंच पाण्यात:
लाट, लाटेखालचा काळोख, काळोखाची कड
पुसट होत होत कातडीत विरते ती जागा.
पगार व्हायचा आणि माझ्या दंडावर ओहोटी भरून यायची.
दुसऱ्या आठवड्यात खाज, मग खपल्या,
चादरीवर मिरपूड सांडल्यासारखा काळा चुरा.
भर जुलैत लांब बाह्यांचा शर्ट.
मुकादम म्हणाला, थंडी वाजते का रे?

फक्त हमामाचं मी धरलं नव्हतं.
गोंदवलेल्यांना प्रवेश नाही, ही पाटी
दारावर पहिल्यापासून आहे.
तीस वर्षं तिच्याखालून आत गेलो,
चप्पल सतरा नंबरच्या खणात,
आणि ती पाटी दुसऱ्याच कुणासाठी होती.
आता घरच्या न्हाणीत गुडघे हनुवटीला लावून बसतो,
स्वतःच्या पाठीला हात पुरत नाही.

तोकिझो म्हातारा गल्लीत भेटला.
सतरा नंबर रिकामा राहतो, म्हणाला.
मी बाही वर केली. त्याने चष्मा वर केला.
बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
पाटी माझ्या बापाने लावली, मी काढणार नाही.
साडेअकराला मी दार लावतो.
पावणेबाराला मागून ये. ब्रश घेऊन ये.

तर आता मी रात्री फरशा घासतो.
घासून झाल्या की शेवटच्या कोमट पाण्यात उतरतो,
खालचं बूच आधीच काढलेलं असतं,
पाणी गळ्याशी, छातीशी, पोटाशी, असं उतरत जातं
आणि मासा हळूहळू कोरडा पडतो.
तोकिझो काठावर बसून माझी पाठ घासतो.
मासा ठीक आहे, म्हणतो. मिशा तुझ्यापेक्षा बऱ्या.
पण पाणी कुणी काढलंय?

कोपराच्या आतल्या बाजूला
चार बोटं जागा अजून कोरी आहे.
बाईंचं मनगट सुजलंय, नोव्हेंबरात बघू म्हणाल्या.
तोकिझो तेवढ्या जागेवरून
ब्रश न लावता हात फिरवतो.